कराचीहून आलेला चकोर

चकोर हा शब्द माहीत नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. चांदणं पिऊन जगणारा पक्षी! ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शरदाचं चांदणं हलकेच टिपणारी चकोराची पिल्लं भेटतात. तेव्हापासून सातशेहून अधिक वर्षं हा पक्षी आपल्या अभंगांत, कवितांत, भावगीतांत आणि क्वचित मुलांच्या नावांतही येत राहिला आहे. गंमत अशी की हा पक्षी महाराष्ट्रात कुठेच राहत नाही. आपल्या माळावर तित्तिर आहे, लावा आहे, पण चकोर नाही. त्याचं घर म्हणजे काश्मीर, लडाख, हिमाचल, गढवालचे उघडे डोंगर, आणि तिथून पश्चिमेला बलुचिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत थेट तुर्कस्तानापर्यंतचा कोरडा, दगडगोट्यांचा प्रदेश.

खरा चकोर दिसायला मात्र फार देखणा. साधारण अर्धा किलो वजनाचा, राखाडी पाठीचा, दुधाळ गळ्याचा. गळ्याभोवती काळा पट्टा, कुशीवर काळे-तांबूस आडवे पट्टे, चोच आणि पाय लालभडक, डोळ्यांभोवतीही लाल कडं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या जेवणातलं विष ओळखण्याच्या युक्त्या दिल्या आहेत, त्यात विष पाहिलं की चकोराच्या डोळ्यांचा रंग बदलतो असं म्हटलं आहे. चांदणं काय, विष काय, निखारे गिळणं काय... या पक्ष्याबद्दल आपण पुष्कळ सांगितलं. तो खातो काय, झोपतो कुठे, हिवाळ्यात बर्फ पडलं की त्याचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

हे प्रश्न कंबर कसून विचारणारी माणसं मला भेटली ती भलत्याच ठिकाणी. अमेरिकेच्या पश्चिमेला, नेवाडा आणि आयडाहोच्या डोंगरांत, जानेवारीच्या बर्फात, हातात बंदूक आणि पुढे कुत्रा घेऊन चालणारी. तिथेही या पक्ष्याला चकोरच म्हणतात. उच्चार थोडा बदललाय, 'चकर' असा ऐकू येतो, एवढंच. आपला चकोर तिथे पोचला कसा, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

नावापासून सुरुवात करू. 'चक चक चकर' असा तो ओरडतो, त्यावरून संस्कृतात चकोर आणि हिंदुस्तानीत चकोर-चुकर झालं. १८३० मध्ये जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा तेच देशी नाव लॅटिनमध्ये चढवलं. पुढे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमने (होय, १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवणारा तोच ह्यूम) मार्शलबरोबर भारतातल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ काढला, १८७९ ते १८८१ या काळात. त्यात चकोर आहेच. हिमालयात सुट्टी घालवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हा पक्षी चांगला परिचयाचा होता.

मग १८९३ साल. इलिनॉय राज्यातल्या डब्ल्यू. ओ. ब्लेझडेल नावाच्या गृहस्थाने चकोराच्या पाच जोड्या कराचीहून अमेरिकेत नेल्या. अमेरिकेत चकोर आल्याची ही पहिली नोंद. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे ज्या इलाख्यात आपले आजे-पणजे राहत होते, त्याच्याच एका बंदरातून हे दहा पक्षी बोटीत बसले. एवढाच काय तो आपला आणि या कथेचा धागा, पण आहे खरा.

अर्थात त्या दहा पक्ष्यांनी अमेरिका भरली असं झालं नाही. खरी आयात आणि पैदास सुरू झाली ती १९३० नंतर. का झाली, हे समजून घ्यायचं तर अमेरिकेने आपल्या स्वतःच्या पक्ष्यांचं काय केलं ते पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात तिथे शिकार हा बाजाराचा धंदा होता. रेल्वे आली, बर्फात माल टिकू लागला, आणि माळावरचे पक्षी पिंपं भरभरून शिकागो-न्यूयॉर्कच्या हॉटेलांत जाऊ लागले. प्रवासी पारवा, जो एके काळी आभाळ झाकून टाकायचा, त्यातली शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पूर्व किनाऱ्यावरची हीथ हेन ही माळकोंबडी १९३२ मध्ये संपली. पश्चिमेकडे बंदुकीपेक्षा मेंढ्यांनी जास्त नुकसान केलं. नेवाडा, युटा, आयडाहोच्या कोरड्या पठारांवर १८८० नंतर गुरं आणि मेंढ्या बेसुमार चरल्या. जमिनीवरचं मूळ गवत खुरांखाली गेलं. सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांवर जगणारी सेज ग्राऊस ही तिथली मूळची मोठी रानकोंबडी आटत चालली.

आता शिकाऱ्याला शिकार हवी, आणि घरचे पक्षी तर संपत आलेले. मग बाहेरचे आणू, हा विचार पुढे आला. त्याला यशाचं एक उदाहरणही होतं. शांघायमधले अमेरिकन वकील ओवेन डेनी यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी फेझंट ऑरेगनला धाडले होते आणि ते तिथे भराभर वाढले होते. एक जमलं, तर दुसरं का नाही?

१९३१ ते १९७० या चाळीस वर्षांत अमेरिकेत आणि कॅनडात मिळून सुमारे आठ लाख चकोर सोडले गेले. चाळीसेक राज्यांत. सरकारी पक्षीपालन केंद्रांत अंडी उबवायची, पिलं वाढवायची, पिंजरे गाडीत घालायचे आणि रानात नेऊन दारं उघडायची. मिनेसोटात सोडले, मिसूरीत सोडले. कुठे खोल बर्फ, कुठे ओल, कुठे दाट गवत; बहुतेक ठिकाणी काही वर्षांत एकही उरला नाही. टिकले ते फक्त पश्चिमेच्या दहाएक राज्यांत, आणि तिथेही एका विशिष्ट प्रकारच्या जमिनीवरच. उघडे, खडकाळ, उभे चढ. वर्षाला दहा-वीस-पंचवीस सेंटीमीटर पाऊस. थंडी कडाक्याची, पण वाऱ्याने आणि उन्हाने बर्फ फार दिवस टिकू न देणारी. थोडक्यात लडाख किंवा बलुचिस्तान! सरकारी खात्यांनी आठ लाख पक्षी सगळीकडे वाटले, पण त्यातले कुठले राहणार हे ठरवलं जमिनीने आणि बर्फाने. कुठल्याही तज्ज्ञाने आधी नकाशा काढला असता, तर तो बहुधा एवढा नेमका निघाला नसता.

यात आणखी एक पाहुणा आहे, आणि त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मेंढ्यांनी मूळ गवत संपवल्यावर रिकाम्या जमिनीवर एक परकं गवत पसरलं. चीटग्रास. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते धान्याच्या बियाण्यातून वगैरे नकळत आलं आणि १९३० पर्यंत त्याने डोंगरच्या डोंगर व्यापले. हे गवत मूळचं युरोप-आशियाचं, म्हणजे चकोराच्याच मुलखातलं. ते पावसाळ्याची वाट पाहत नाही. शरदात उगवतं, बर्फाखाली हिरवं राहतं, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळून बिया टाकतं. वर्षभर चकोराचं मुख्य अन्न म्हणजे त्याच्या बिया आणि हिवाळ्यात त्याची कोवळी पाती. सातासमुद्रापलीकडे पाठवलेल्या पाहुण्याला तिथे पोचल्यावर घरचीच भाजी-भाकरी वाढून ठेवलेली असावी, तसं हे झालं.

पण त्याच गवताने दुसऱ्या कुणाचं तरी घर जाळलं, हेही सांगायला हवं. अक्षरशः जाळलं. वाळलेलं चीटग्रास काडेपेटीसारखं पेटतं. पूर्वी ज्या सेजब्रशच्या रानात कित्येक दशकांतून एखादा वणवा लागायचा, तिथे आता काही वर्षांच्या अंतराने लागतो. सेजब्रश पुन्हा उगवत नाही, चीटग्रास मात्र लगेच उगवतं. म्हणजे जी जमीन सेज ग्राऊसच्या हातून गेली, त्याच जमिनीवर चकोर सुखाने नांदतो. त्याने तिला हाकललं नाही. ती गेल्यावर उरलेल्या पडक्या वाड्यात तो राहायला आला. आणि त्याही आधी ती जमीन पायूट आणि शोशोनी लोकांची होती, हा आणखी एक थर.

नेवाडात चकोर सोडायला सुरुवात झाली १९३५ मध्ये, आणि शिकारीचा पहिला हंगाम उघडला १९४७ मध्ये. अमेरिकेतला तो चकोराचा पहिला हंगाम. पुढच्या दहा-बारा वर्षांत शेजारच्या राज्यांनीही उघडले. हा हंगाम राज्यागणिक सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. त्यामुळे बरीच शिकार बर्फातच होते.

चकोराची शिकार सोपी नाही. कुत्रा किंवा माणूस दिसला की हा पक्षी उडत नाही, चढाला लागतो. चाळीस अंशाच्या दगडी उतारावर तुरुतुरु पळत वर जातो. माणूस धापा टाकत वर पोचला की सगळा थवा एकदम उठतो आणि त्याच्या डोक्यावरून खाली, दरीपलीकडे. मग माणसाने उतरायचं आणि पलीकडचा डोंगर चढायचा. तिथले शिकारी म्हणतात, पहिल्यांदा माणूस चकोराच्या मागे मजेखातर जातो, नंतर सूड घ्यायला.

म्हणून कुत्रा लागतो. पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी गोठणारे हे कुत्रे बंदुकीच्याही आधीचे आहेत. १५७० मध्ये जॉन कीझ या इंग्रज डॉक्टरने कुत्र्यांच्या जातींवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका छापली. तीत सेटर जातीचं वर्णन आहे. हा कुत्रा तित्तिराचा वास लागला की जमिनीला पोट टेकून बसतो आणि शिकारी त्यांच्यावर जाळं पसरतो. लांडगा-कोल्हा झेप घेण्यापूर्वी क्षणभर थबकतो ना, तो थबकण्याचा क्षण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून लांबवला आणि झेप काढून टाकली. म्हणजे कुत्र्याला पक्षी हवा असतो, तो कुठे आहे हे त्याला नेमकं माहीत असतं, आणि तरी तो हलत नाही. एक पाय उचललेला, शेपूट ताठ, अंग थरथरतंय. दुसरा कुत्रा मागून आला तर पहिल्याला तसा पाहून तोही उभा राहतो, त्याला स्वतःला वास आलेला नसला तरी.

बर्फात हे सगळं बदलतं. कोरड्या कडक थंडीत वास जमिनीवरून फारसा उठत नाही, जरा ओल असली की छान पसरतो. भुसभुशीत नव्या बर्फात पावलाचा आवाज होत नाही, पण त्यावर कडक पापुद्रा धरला की प्रत्येक पाऊल काच फुटल्यासारखं वाजतं आणि थवा फर्लांगभर आधीच उठतो. सकाळी गार हवा डोंगरावरून खाली सरकते, ऊन चढलं की वर वाहू लागते, त्याप्रमाणे कुत्र्याला कुठून सोडायचा ते ठरवायचं. लांब केसांच्या कुत्र्याच्या बोटांमध्ये बर्फाच्या गोळ्या धरतात, तो लंगडू लागतो, मग थांबून त्या दातांनी-बोटांनी काढायच्या. पांढरा सेटर तर बर्फात दिसेनासाच होतो, म्हणून त्याच्या अंगावर भगव्या रंगाचं जाकीट. पूर्वी गळ्यात घंटा असे. ती वाजायची थांबली की समजायचं, कुत्रा उभा राहिला. आता जीपीएसचा पट्टा असतो.

कामानिमित्त काही महिने आयडाहोत होतो तेव्हा ऑफिसातला एक सहकारी मला एकदा स्नेक नदीवरच्या डोंगरांत घेऊन गेला. मी बंदूक धरली नाही, नुसता मागून चाललो. दिवसभरात त्याला दोन पक्षी मिळाले. संध्याकाळी गाडीच्या मागच्या फळीवर त्याने एकाच्या गळ्याजवळची दाणे साठवायची पिशवी चिरली आणि मला दाखवली. आत मुठीएवढा हिरवागार लगदा. सगळ्या डोंगरावर मला दिवसभर पांढऱ्या आणि करड्या रंगाशिवाय काही दिसलं नव्हतं. हे हिरवं कुठून आलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, दक्षिणेच्या उतारावर, खडकांच्या बुडाशी, जिथे दुपारी दोन तास ऊन लागतं आणि बर्फ वीतभर मागे हटतं, तिथून. आणि मग सहज म्हणाला, ती वीतभर जागाच त्यांचा हिवाळा असते.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण सगळ्या शिकारीची मेख तिथेच आहे. उत्तरेकडची ग्राऊस बर्फासाठीच घडलेली असते. तिच्या बोटांना हिवाळ्यात कंगव्यासारखे दाते फुटतात, रात्री ती भुसभुशीत बर्फात सूर मारून आतच झोपते, आणि झाडांवरच्या कळ्या खाऊन दिवस काढते. चकोराला यातलं काही येत नाही. त्याला जमीन उघडी लागते. बर्फ पडलं की सगळ्या डोंगरावर विखुरलेले थवे खाली उतरतात आणि त्या वीतभर पट्ट्यात गोळा होतात. म्हणजे ज्या दिवसांत तो सर्वांत अडचणीत असतो, नेमका त्याच दिवसांत तो शिकाऱ्याला सर्वांत सोपा सापडतो.

पहिल्या हंगामानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात, १९४८-४९ मध्ये, नेवाडा-युटात इतकं बर्फ पडलं की मेंढ्या-गुरं वाचवायला लष्कराच्या विमानांतून गवताचे भारे टाकावे लागले. पक्ष्यांसाठी अर्थातच कुणी काही टाकलं नाही. तशा हिवाळ्यांत चकोर मोठ्या संख्येने मरतात. वाचलेल्या जोड्या पुढच्या दोन-तीन चांगल्या पावसांत पुन्हा थवे उभे करतात, कारण एकेक मादी दहा-पंधरा अंडी सहज घालते. खाती म्हणतात, एकूण संख्या पाऊस आणि बर्फ ठरवतं, बंदुकीचा वाटा लहान. नेवाडात दिवसाला सहा पक्ष्यांची मर्यादा आहे. हिशेब म्हणून हे बरोबरच असावं. पण माझा तो सहकारी गुडघाभर बर्फ टिकून राहिलं की चकोराच्या मागे जात नाही. कायदा अडवत नाही, तरी. एकदा उठवलेल्या थव्याला परत त्या पट्ट्यात यायला जी ताकद लागते ती त्याने दिवसभर टिपलेल्या गवतातून येते, आणि दिवस लहान असतो, असं त्याचं म्हणणं. बाप शिकारी, आजोबा शिकारी, त्यांच्याकडूनच ही रीत आली. इतरांनी जावं की न जावं, यावर तो काही बोलत नाही.

या लोकांचे पैसेही त्या डोंगरांत जातात. १९३७ च्या एका कायद्याने तिथे बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. त्यातून पक्ष्यांच्या गणत्या झाल्या, जमिनी घेतल्या गेल्या, आणि कोरड्या डोंगरांत पावसाचं पाणी साठवणारी टाकी बांधली गेली. आपल्या गडांवरची टाकी आठवावीत, तशी. पहिली टाकी १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात लाव्यांसाठी झाली, मग चकोरासाठीही. चकोर काय खातो हे शास्त्रज्ञांना कळलं तेही मुख्यतः शिकाऱ्यांनी आणून दिलेल्या गळ्याच्या पिशव्यांवरून.

बाहेरून पक्षी आणायची हौस मात्र चकोरावर थांबली नाही. १९६० च्या दशकात हुंझाहून हिमालयी स्नोकॉक आणून नेवाडाच्या रूबी डोंगरांत सोडले. १९८० पासून त्यांचीही शिकार होते. आज नव्या परदेशी जाती सोडायला तिथे फारसं कुणी धजावत नाही. चीटग्रासने शहाणपण शिकवलं, पण उशिरा.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाकिस्तानने चकोराला राष्ट्रीय पक्षी केलं आणि तिथे हिवाळ्यात परवान्याने त्याची शिकारही चालते. प्रत्येकाची रीत वेगळी.

मला बोचतं ते वेगळंच. आपण चकोरावर सातशे वर्षं प्रेम केलं, पण तो उपाशी कधी असतो हे आपल्याला माहीत नाही. ज्याला ते माहीत आहे, तो त्याला मारतो. आणि बर्फ फार झालं की मारायचं थांबतो, कारण त्याला ते माहीत आहे. यातलं कुठलं नातं खरं, असा निवाडा करायला मी कोण? पण चांदण्यावर जगणाऱ्या पक्ष्यासाठी कुणाला उतार राखावा लागत नाही, गवत राखावं लागत नाही. गवत खाणाऱ्या पक्ष्यासाठी लागतो. आपल्या माळावरचा तित्तिर कवितेत फारसा नाही, आणि त्याचे माळ सौर पॅनेल, खाणी आणि प्लॉट यांत भराभर चालले आहेत. तो हिवाळ्यात काय खातो, हे मला विचारलं तर आज तरी नीट सांगता येणार नाही.

शिकायला हवं. त्यासाठी बंदुकीची गरज नाही, पण चालावं मात्र लागेल. असो.